चिंचेची चिंधी

दगडूनानांशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीस मी वनस्पतिशास्त्र शिकवायला जळगावच्या महाविद्यालयात रुजू झालो होतो. विद्यार्थ्यांना घेऊन नगरपालिकेच्या उद्यानात गेलो आणि नमुन्यासाठी चिंचेची डहाळी कापायला कात्री उघडली, तोच तिथले मुख्य माळी असलेल्या नानांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "सर, चिंधी दिखत नही का? वर पिल्लं शेतस!" खोडाला लाल चिंधी होती आणि वर बगळ्यांची घरटी. पदवी माझ्याकडे होती, धडा त्यांनी दिला.

ही नानांची रीतच होती. झाडावर घरटे दिसले की अक्कांच्या, म्हणजे आपल्या पत्नीच्या, जुन्या लुगड्याची चिंधी खोडाला बांधायची आणि शेवटचे पिल्लू उडाल्यावरच सोडायची. तोवर छाटणी बंद. लोक ती नवसाची समजून तिथे नारळ ठेवू लागले. मी चिडलो, नाना हसले. "देव समजीसन का व्हयेना, कुऱ्हाड थांबनी ना!"

चिंच उद्यानाहून जुनी. बाकीचे कडुनिंब, करंज, बहावे नानांनी मुरमाड माळावर खड्डे खणून, विहिरीचे पाणी कावडीने घालून जगवले. आज त्या सावलीत शेंगदाणे सोलत बसणाऱ्या किती जणांना याची जाण आहे?

माझे वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळले, तेव्हा नाना पिंप्राळ्याहून सायकलवर येऊन रोज सकाळी त्यांच्या उशाशी मोगऱ्याची चार फुले ठेवत. ती उद्यानातली नसत, त्यांच्या अंगणातली असत.

अशा माणसाचा आपण गौरव करतो आहोत, आणि नेमकी तीच चिंच तोडून तिथे रंगीत कारंजे करण्याचा ठराव पालिकेत आला आहे! कारण काय, तर बगळे फिरायला येणाऱ्यांचे कपडे घाण करतात. उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी, आणि हौस कारंज्याची. नाकापेक्षा मोती जड तो हाच. ज्या नगराध्यक्षांच्या टेबलावर तो ठराव सहीसाठी पडून आहे, तेच नानांना शाल पांघरवणार आहेत. मला याचा संताप येतो, आणि आमच्या गौरव समितीचाही. भेट काय हवी, असे आम्ही नानांना घरी जाऊन विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "माले काही नको. चिंच ऱ्हाऊ द्या." इतिवृत्तात आम्ही काय लिहिले? 'नानांनी विनम्रपणे भेट नाकारली.' त्याखाली माझीही सही आहे. म्हणून त्यांचे खरे शब्द या गौरव अंकात छापून घेतो आहे.

नाना, पंचाहत्तरी ओलांडताना तुमचे गुडघे असेच सायकल चालवत राहोत आणि शंभरीलाही तुम्ही आमच्या हातातल्या कात्र्या काढून घ्याव्यात, एवढेच मागणे आहे.

आणि अध्यक्षसाहेब, सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सही करण्यापूर्वी एकदा उद्यानात जाऊन या. नानांना ओळखणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे, आपण पांघरवलेली शाल तेव्हा चिंचेच्या खोडाला बांधलेली असेल.