पडण्याचा क्रम

माझ्या सासऱ्यांनी आजवर एकेचाळीस म्हातारे बनवले आणि एकेचाळीसही जाळले. पोलिसांना कळवायची गरज नाही. आमच्या भुईगावात एकतीस डिसेंबरला सरत्या वर्षाचा पुतळा जाळतात, त्याला म्हातारा म्हणतात, आणि आमच्या आळीचा म्हातारा करायचं काम फर्डिनंड तुस्कानो यांच्याकडे माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून आहे. बाकी वर्षभर ते वाडीतली केळी आणि सोनचाफा बघतात. डिसेंबर लागला की केळींना पाणी कोण घालतंय याची त्यांना शुद्ध नसते. ते मी घालते, शाळेतून शिकवून आल्यावर.

इतर आळ्यांचे म्हातारे म्हणजे जुन्या पँटीत पेंढा कोंबायचा आणि वर मडकं ठेवायचं. पप्पांचं तसं नाही. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर मैद्याच्या खळीने चिकटवलेले वर्तमानपत्राचे थर, आणि चेहरा इतका जिवंत की एका साली तो बघून आमच्या एका नातेवाइकाने आमच्याशी बोलणं सोडलं. पण त्यांचा खरा अभिमान पडण्याच्या क्रमाचा. जळताना आधी उजवा हात पडला पाहिजे, मग डावा, मग छाती, आणि डोकं सगळ्यात शेवटी. डोकं आधी पडलं तर लोक घरी जातात, असं ते सांगतात. त्यासाठी प्रत्येक सांध्याला सुतळीची वेगळी सरकगाठ असते, वेळ झाली की आपोआप सुटणारी. ही विद्या त्यांच्याशिवाय कोणाला येत नाही, आणि खरं सांगायचं तर कोणी शिकायलाही आलेलं नाही.

माझी मुलगी प्रिस्का एकोणीस वर्षांची आहे. ग्राफिक डिझाइन शिकते, म्हणजे लॅपटॉपकडे बघते. मुंबईत कॉमिक्सचं मोठं संमेलन भरतं. तिथे चित्रकथांतल्या पात्रांचे वेष करून हजारो शहाणीसुरती माणसं तिकीट काढून जातात. प्रिस्का कधी गेली नव्हती. यंदा एप्रिलमध्ये जायचं आणि वेषांच्या स्पर्धेतच उतरायचं, असं तिने ठरवलं. पाण्यात पाय घालायच्या आधीच पोहण्याच्या शर्यतीत नाव. तिला कुठलासा पोलादी सेनापती व्हायचं होतं. त्याचं चिलखत तिने फोममधून तीनदा कापलं आणि तिन्ही वेळा ते रूपाने आमच्या जुन्या गादीवर गेलं. मग ती आजोबांकडे गेली.

पप्पांनी चित्र बघितलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हा आपलाच म्हातारा हाय. फक्त जेवत नाय वाटतं."

तीन आठवडे आमच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. काथ, हळद आणि काजळी कालवून त्यांनी कागदावर असा गंज चढवला की मी एकदा तो पुसायला गेले. छातीचा कागदी पत्रा तर बघतच राहावा असा. त्यावर तलवारीचे वार, पोचे, एका ठिकाणी ठोकून सरळ केल्याची खूण. स्पर्धेचा अर्ज मात्र प्रिस्काने भरला आणि 'कलाकार' या शब्दापुढे स्वतःचं नाव लिहिलं. मी भडकले. ती म्हणाली, "मम्मी, एकच रकाना होता ना!"

"ऱ्हाव दे," पप्पा म्हणाले. "म्हाताऱ्यावर कोन नाव लिवतं?"

पण जायच्या आदल्या दिवशी मी चिलखतावर कापड टाकायला गेले तर छातीच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, जिथे प्रिस्काच्या बनियनशिवाय काही टेकणार नाही तिथे, काळ्या रंगात लिहिलेलं होतं : फर्डिनंड तुस्कानो, भुईगाव. अक्षर शाळेतल्या मुलासारखं, ओळ जरा खाली उतरलेली. एकेचाळीस पुतळ्यांत पहिल्यांदा. हा माणूस बाहत्तराव्या वर्षी एक वस्तू मागे ठेवू बघतोय, हे मला तेव्हा कळलं.

आमची फुलं बाजारात नेणाऱ्या कल्पेशच्या टेम्पोतून आम्ही गेलो. सेनापतीला सोनचाफ्याचा वास लागला. पप्पांनी चर्चच्या सणाला, फेस्ताला घालतात तो सूट घातला होता, टायसकट. दारातली रांग आमच्या फेस्ताच्या मिरवणुकीइतकीच लांब होती, फक्त इथे देवदूतांपेक्षा सैतान जास्त होते. एका मुलीचे पंख तपासणीच्या चौकटीत अडकले आणि मागचे चाळीस वीर, राजकन्या आणि एक ड्रॅगन शांतपणे खोळंबले. रेशनच्या रांगेत असा संयम मी पाहिलेला नाही.

प्रिस्का सेनापती होऊन स्टेजमागे गेली. पप्पा आणि मी हॉलभर हिंडलो. तिथे माणसं चित्रं बघतात, पुस्तकं चाळतात, फोटो काढतात. पप्पा प्रत्येक वेषाजवळ थांबत, दोन बोटांनी कोपर दाबून बघत आणि मोठ्याने निकाल देत. कानाने जरा कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने.

"हा पेटनार नाय. नुसता वितळंल." पुढे, "याचा धूर लय होनार." मग एका लाकडी ढालवाल्यापाशी खुशीत येऊन, "हा बरा. हा दहा मिनिटात जाईल."

दहा मिनिटांत गार्ड आला. "अंकल, किसको जलाने की बात कर रहे हो?"

पप्पांनी त्याला सरळ उत्तर दिलं. "सबको नहीं. जो अच्छा है, उसको."

आम्हाला बाजूला घेतलं. गळ्यात ओळखपत्र आणि हातात वॉकीटॉकी घेतलेली आर्या नावाची एक मुलगी आली. मी शिक्षिका, समजावून सांगायची मला सवय. मी मोबाईलवर गेल्या वर्षीच्या म्हाताऱ्याचा फोटो दाखवला, म्हणजे पेटलेला माणूस आणि भोवती नाचणारे आमचे शेजारी. जे काही थोडंफार सावरलं असतं तेही त्या फोटोने गेलं. आर्याने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. तेवढ्यात स्टेजवरून प्रिस्काचं नाव पुकारलं. मी हात जोडले. गार्डला बरोबर घेऊन जायच्या अटीवर तिने आम्हाला सोडलं.

प्रिस्का आली. चिलखत दिव्यांखाली असं दिसत होतं की आजूबाजूच्यांनी मोबाईल वर धरले. तिने तीन पावलं टाकली आणि चिलखताचा उजवा हात गळून पडला.

पप्पा पांढरे पडले. "मी घट्ट बांधलं होतं," ते म्हणाले, "खरंच घट्ट बांधलं होतं गं ज्युली." बांधलंच असेल. पण पप्पांच्या हातांना चाळीस वर्षांत सरकगाठीशिवाय दुसरी गाठ ठाऊकच नव्हती. सकाळपासूनच्या चालण्याने ती बिचारी इमानदारीत सुटत होती.

पोरगी थांबली नाही. आणखी एक पाऊल, डावा हात. लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय. शिट्ट्या सुरू झाल्या. मग छाती. ती आतली बाजू वर करून पडली आणि कॅमेऱ्याने तिच्यावर नेम धरला. दोन मजली पडद्यावर, गंजलेल्या कडांच्या मध्ये, खाली उतरत गेलेली ओळ : फर्डिनंड तुस्कानो, भुईगाव.

"वॉव, काय डिटेलिंग आहे!" निवेदक ओरडला.

त्याच्या बापजन्मात त्याला ते कळणार नव्हतं. मी रडले. गार्डने विचारलं, "ये आपका नाम है क्या?" पप्पांनी मान डोलावली आणि त्याने पप्पांच्या पाठीवर हात ठेवला. मग शिरस्त्राण पडलं, सगळ्यात शेवटी, आणि आख्खा हॉल उभा राहिला.

"क्रम चुकला नाय," पप्पा हळूच म्हणाले.

सर्वोत्तम सादरीकरणाचं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी पोकळ पराक्रमाच्या विघटनावर बरंच इंग्रजी फाडलं, आणि प्रिस्काने, जिने दहावीच्या तोंडी परीक्षेत चार वाक्यं धड बोलली नव्हती, त्यांना दुजोरा दिला. हे मला माझ्या आजोबांनी शिकवलं, असंही ती म्हणाली. तेवढ्यासाठी मी तिला रकान्याचं माफ केलं.

छातीचा पत्रा आम्ही घरी आणून भिंतीवर टांगला, घरातल्या प्रार्थनेच्या वेदीच्या बाजूला. आमच्याशी बोलणारे नातेवाईक आले, बघून गेले. पप्पाही बघायचे, आणि तिथेच घोटाळा झाला. जळून गेलेल्या एकेचाळिसांत कोणाला खोट दिसली नव्हती. हा रोज समोर. जूनमध्ये त्यांना डावा खांदा खाली वाटायला लागला, ऑगस्टमध्ये गंज खोटा. जेवताना पाठ करून बसायला लागले. त्यात मैद्याच्या खळीला झुरळं लागली, आणि मी तोंड सोडलं. "एक तर ही कला राहील या घरात नाहीतर मी," असं म्हणाले. म्हणाले खरी.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पप्पा म्हणाले, "ज्युली, तो काढून दे. यंदाच्या म्हाताऱ्याला छाती तीच लावतो."

मी नाही म्हणाले. झुरळं मी बघून घेईन म्हणाले. तुमचं नाव आहे त्यात, म्हणाले.

"लोकांनी टाळ्या वाजवल्या," ते म्हणाले, "पन काम अर्धंच झालं. पडला आनि तसाच पडून ऱ्हायला. मला झोप येत नाय त्याच्यापायी."

मी हो म्हणाले. पण दुपारी ते वाडीत गेल्यावर मी पत्रा खाली उतरवला, शाळेची कात्री घेतली आणि ती ओळ आतल्या थरांपुरतीच चौकोनी कापून काढली. चोरीच ती. कपाटात साड्यांच्या खाली ठेवली आणि पत्रा पालथा करून ओटीवर ठेवला. आतून कोण बघतंय, असं स्वतःला सांगितलं.

एकतीस तारखेला संध्याकाळी चर्चमध्ये मिस्साला निघताना मी म्हाताऱ्यापाशी थांबले. आळीच्या तोंडाशी तो खांबाला बांधून उभा होता, छाती पुढे काढून. पप्पा पलीकडे डाव्या हाताची गाठ मारत होते, माझ्याकडे बघत नव्हते. मी वाकून छातीच्या आत हात घातला. कापल्याचा खड्डा नव्हता. तिथे आतून नवा कागद चिकटवलेला होता, चारही कडा नीट दाबून, आणि खळ अजून ओली होती.