बॉयलरखालची निळी बादली

अन्याय झाला तो आमच्या बेसमेंटमध्ये राहणाऱ्या मावशींवर. केव्हा, तेही सांगते: २०१७ च्या जानेवारीत, एका मंगळवारी, सकाळी सव्वासात वाजता. करणारा माझा सख्खा मोठा भाऊ. मी तिथेच जिन्यात उभी होते, हातात चहाचा कप घेऊन.

मॉन्ट्रियलमधलं ते घर जुनं होतं, दादाने दोन वर्षांपूर्वी घेतलेलं. वर दादा, वहिनी आणि शिकायला आलेली मी. खाली मावशी. नात्याच्या नव्हेत, नागपूरच्या, साठीच्या, आमच्या भाडेकरू. इथल्या देशी विद्यार्थ्यांना डबे करून द्यायच्या. त्यांच्या खोलीला लागून एका दाराआड बॉयलर होता. त्याने तापवलेलं पाणी पाइपांतून घरभरच्या लोखंडी रेडिएटरांत फिरायचं आणि गार होऊन परत खाली यायचं. बाहेर उणे पंचवीस असताना आम्ही घरात टी-शर्टवर वावरायचो ते त्याच्या जिवावर.

त्या हिवाळ्यात त्याचं प्रेशर पडायला लागलं. घड्याळासारखी एक तबकडी होती, तिचा काटा हिरव्या पट्ट्यात राहायला हवा. सकाळी बघावं तर काटा शून्यावर टेकलेला आणि वरचे रेडिएटर गार. दादा पुण्याचा इंजिनियर, सॉफ्टवेअरमधला. रोज खाली जायचा, नळ फिरवून बॉयलरमध्ये पाणी भरायचा, काटा वर आणायचा आणि फोनमध्ये वेळ टिपून ठेवायचा. आठवड्याभरात त्याला गुन्हेगार सापडला.

मावशी साडेपाचला आंघोळ करायच्या. बाथरूममध्ये शॉवर होता, पण त्यांना बादली आणि तांब्याच लागायचा. पारोशा हातांनी गॅस पेटवायचा नाही, हा त्यांचा नेम. साडेपाचला आंघोळ, सव्वासातला काटा खाली. दादाच्या दृष्टीने केस बंद.

"मावशी, किती बादल्या घेता तुम्ही?"

"दोन. केस धुवायचे असले तं तीन."

"तेच! बॉयलर रिकामा करताय तुम्ही. वर माझी बायको स्वेटर घालून झोपते." मग त्याने बॉयलरचं दार उघडलं. खाली एक निळी प्लास्टिकची बादली ठेवलेली होती, रिकामी, स्वच्छ पुसलेली. "आणि ही इथे काय करतेय? तुमच्या बादल्या आता इथपर्यंत आल्या?"

"ते तं मी..."

"आजपासून एक बादली. तीसुद्धा दुपारी."

मावशींनी एकदा त्या बादलीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं."

संध्याकाळी त्यांच्या बाथरूमच्या दारावर छापील कागद लागला. दादाने मराठीत टाइप केलेला, मोठ्या अक्षरांत: गरम पाणी, एक बादली, दुपारी दोननंतर. जेवताना त्याने वहिनीला सांगून टाकलं की लीज पुढे वाढवायची नाही, जुलैत त्यांना दुसरं घर बघायला सांगू.

"दादा, इथे असं कुणालाही काढता येत नाही. कायदा आहे."

"तू मला कायदा शिकवू नकोस. आज भांड्यांची पाळी तुझी आहे."

मी तेव्हा भाडेकरूंच्या एका समितीत काम करायचे. मेट्रो स्टेशनबाहेर थंडीत उभं राहून पत्रकं वाटायची, घरमालकांच्या नावाने बोंब मारायची आणि रात्री घरमालकाच्या घरी येऊन वरणभात जेवायचा, असं माझं चाललं होतं. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा बोचलं. पत्रक कसं लिहायचं ते शिकले होते: पहिल्याच ओळीत कुणावर अन्याय झाला आणि केव्हा, शेवटच्या ओळीत मागणी. लिहायला बसले आणि एका बैठकीत संपवलं. मावशींच्याच तोंडून लिहिलं, 'मी' 'मी' करून. त्यात त्या रडतात, हात जोडतात, मुलाबाळांची आठवण काढतात. मला ते फार प्रभावी वाटलं.

रविवारी ते घेऊन खाली गेले. मावशी कणीक मळत होत्या. त्यांचे हात लाल झाले होते आणि बोटांच्या पेरांवर कातडी फाटून बारीक चिरा पडल्या होत्या.

"हे काय झालं?"

"काही नाही वं. थंड पाण्यानं होते."

"थंड पाण्याने? आंघोळ?"

"दोन वाजता आंघोळ करून डबे केव्हा करू? पोरं साडेअकराले येतात. अन् पारोशानं मी रांधत नाही. मंग पहाटेच करते, थंड्यानं. दादाले सांगू नको, तो म्हणंन, म्हातारी जिद्द करून राहिली."

मॉन्ट्रियलच्या नळाचं जानेवारीतलं पाणी ज्याने हातावर घेतलंय त्यालाच कळेल. दहा सेकंदांत हाडं ठणकतात. ही बाई बुधवारपासून त्या पाण्याने आंघोळ करत होती.

त्या रागातच एक साधी गोष्ट लक्षात आली. मंगळवारनंतर मावशींनी गरम पाण्याचा थेंब वापरला नव्हता. आणि काटा? बुधवारी खाली. गुरुवारी खाली. रोज खाली. मी तशीच धावत वर गेले आणि दादाच्या फोनमधल्या त्याच्याच नोंदी त्याच्यापुढे धरल्या. त्याने त्या दोनदा वाचल्या. "मग पाणी जातंय कुठे?" असं स्वतःशीच म्हणाला आणि पहिल्यांदाच प्लंबरला फोन केला.

प्लंबर सोमवारी आला. फक्त फ्रेंच बोलणारा, पांढऱ्या मिशांचा. मी दुभाषी. त्याला मी दादाची बादल्यांची थिअरी सांगितली तेव्हा तो हसला, आणि बॉयलरपासून चार पावलांवर उभी असलेली उंच पांढरी टाकी त्याने थोपटली. आंघोळीचं पाणी ह्यात तापतं, विजेवर. बॉयलरचं पाणी वेगळं. ते फक्त रेडिएटरांत फिरतं. मादामने दहा बादल्या घेतल्या तरी तो काटा हलणार नाही.

ती टाकी काय करते हे मलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघं पुण्यात ज्या घरात वाढलो तिथे पाणी तापवायचं ते आंघोळीसाठीच. भिंती तापवायला कुणी पाणी वापरत असेल हे आमच्या डोक्यात शिरलेलंच नव्हतं. दादा रोज त्या टाकीला वळसा घालून बॉयलरकडे जायचा.

प्लंबरने गळती शोधून पाहिली. पाइप कोरडे, फरशी कोरडी. मग त्याने इकडेतिकडे बघून दारात उभ्या असलेल्या मावशींकडे बोट केलं. "ह्या इथे राहतात ना? ह्यांना विचारा, कधी पाणी दिसलं का."

मी विचारलं.

"दिसलं का म्हणजे?" मावशी म्हणाल्या. "रोज असते ना. त्या नळीतून रात्री पडते, बादली अर्धी भरते. पहाटे मी फेकून देते अन् खाली पुसून घेते. मले वाटलं, आपल्या ए.सी.चं पाणी नाही का गळत, तसंच हे बी असंन. आपल्याकडे बी लावतोच ना बादली."

ती बादली त्यांनीच लावली होती. डिसेंबरपासून रोज रिकामी करत होत्या, दादा खाली यायच्या तासभर आधी. म्हणून फरशी कोरडी. म्हणून त्याला गळती दिसली नाही, दिसली ती नुसती बादली, आणि तिच्यावरून त्याने मावशींनाच धारेवर धरलं.

पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं. पाणी तापलं की फुगतं. फुगलेल्या पाण्याला जागा मिळावी म्हणून बॉयलरला एक छोटी टाकी जोडलेली असते, तिच्यात हवा असते. आमच्या टाकीतला पडदा फाटला होता, हवेच्या जागी पाणीच भरलं होतं. जागा नाही, म्हणून रात्री जास्तीचं पाणी सुरक्षेच्या नळीतून बाहेर पडायचं, आणि बॉयलर जरा थंडावला की काटा खाली. प्लंबरने टाकी बदलली. जाताना तो मावशींना मानेने नमस्कार करून गेला. आमच्याकडे बघितलंही नाही.

"मावशी, सांगितलं का नाही तुम्ही?" दादा म्हणाला.

"सांगत होती. तू म्हटलं, एक बादली."

दादा जिन्याकडे वळला आणि अर्ध्या जिन्यावरून म्हणाला, "सॉरी हां, मावशी." मी तोंड उघडणार होते, इतक्यात मावशीच म्हणाल्या, "सॉरी ठेव तुझ्यापाशी. तो कागद काढ. तू लावला, तूच काढ."

त्याने काढला. टेप चिकट होता, नखांनी खरवडावा लागला. आम्ही दोघी बघत होतो. मग त्याने न विचारता सांगितलं की लीजचं काही मनात आणू नका, तुम्ही इथेच राहा. त्या एक जुलैला, इथल्या भाडेकरूंच्या घरबदलीच्या दिवशी, सगळं शहर ट्रकमध्ये सोफे चढवत होतं आणि मावशी खाली डबे भरत होत्या.

पण माझा हिशेब बाकी होता. प्लंबर आला त्या संध्याकाळीच मी मावशींना माझं पत्रक वाचून दाखवलं, कौतुकाच्या अपेक्षेने. त्यांनी चष्मा लावून परत स्वतः वाचलं.

"हे कोण आहे?"

"तुम्हीच, मावशी."

"मी कुठं रडली? तू पाहिलं मले रडताना?" कागद घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला. "तो वरून हुकूम देते, अन् तू माह्या तोंडानं बोलून राहिली. इचारलं कोणीच नाही."

त्या बरोबर होत्या. जिन्यात चहाचा कप घेऊन उभी असताना मी 'ते तं मी...' ऐकलं होतं. वाक्य अर्धं राहिलं हेही मला कळलं होतं. घरातल्या दोन शिकलेल्या माणसांपैकी एकानेही ते पूर्ण होऊ दिलं नाही. पत्रक मी फाडलं आणि हे लिहिलं. हे त्यांना दाखवून, त्यांच्या सांगण्यावरून दोन जागा बदलून.

आता मागणी. तुमच्या घराखाली कुणी राहत असेल, तुमच्या मशीनला लागून, तुमच्या नियमांखाली, तर हे वाचून झाल्यावर खाली जा. दार वाजवा. काय दिसतंय ते विचारा. आणि त्यांचं वाक्य पूर्ण होईपर्यंत तोंड उघडू नका.