नऊ तास दहा मिनिटं

तिकिटांच्या त्या दोन टेबलांच्या ऑफिसात त्याला सगळे ‘मैलाचा दगड’ म्हणत. दुसऱ्यांना अंतर सांगायचं, स्वतः जागचं हलायचं नाही! सव्वीस वर्षांच्या नोकरीत गडी एकदाही विमानात बसला नव्हता. पण कुठल्याही दोन विमानतळांची नावं घ्या, किलोमीटर आणि उड्डाणाची वेळ तोंडपाठ. समोरच्या टेबलावरची बाई कॉम्प्युटर उघडेपर्यंत हा उत्तर देऊन मोकळा. वर गिऱ्हाइकाला फुकटचा सल्लाही द्यायचा, "पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी असतो, येताना समोरून. येताना वेळ जास्त धरा."

मुलगी लग्न होऊन दूर पूर्वेकडे गेली. सात हजार सातशे किलोमीटर, नऊ तास दहा मिनिटं. दरवेळी तिला निरोप देऊन आले, की तो आणि बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तेवढा वेळ मोजत. ती यायची असली, की मात्र मोजायला फुरसत कुणाला! गाद्यांना ऊन दाखव, पडदे धू, यातच दिवस जाई.

आता बायको हॉस्पिटलात होती. सकाळी डॉक्टरबाईंनी खाटेजवळच त्याला हळू आवाजात सांगितलं, "आजचा दिवस काढतील. दुखणं थांबवायचं इंजेक्शन देता येईल, पण मग त्या झोपतील. पुन्हा बोलतील असं नाही."

"मुलीचं विमान आपल्या वेळेनं सकाळी सहाला सुटलंय," तो म्हणाला. "तीन-दहाला उतरेल. चारला इथे." फोनवर बघायची त्याला गरजच वाटली नाही.

बायकोनं ऐकलं होतं. "थांबते की चारपर्यंत. तुमच्याबरोबर एवढी वर्षं काढली, त्यापुढे हे काय!"

दिवसभर तिनं खाटेचा दांडा घट्ट धरून ठेवला. तासातासाला विचारी, "आता कुठे असेल हो?" तो सांगे, समुद्र ओलांडला, अर्धं अंतर संपलं, दोन हजार राहिले. त्याला स्वतःला काहीच वाटत नव्हतं, तोंड आपलं बोलत होतं. चार वाजता तिनं दाराकडे मान वळवली. सव्वाचारला विचारणं थांबवलं. साडेचारला म्हणाली, "आता नाही हो सहन होत." त्यानं नर्सला बोलावलं. इंजेक्शन झालं आणि दांड्यावरचा हात सुटला.

साडेपाचला मुलगी बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"विमानाला उशीर झाला का गं?"

"नाही बाबा, अगदी वेळेवर उतरलं. चार-चाळीसला."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. नऊ तास दहा मिनिटं ही जायची वेळ. यायला दहा तास चाळीस. शेकडो गिऱ्हाइकांना बजावलेली गोष्ट, आणि बायकोला मात्र त्यानं जायचीच वेळ सांगितली होती. रडू येईल असं त्याला वाटलं, पण आलं नाही. त्यानं बॅग उचलून भिंतीला नीट टेकवून ठेवली.

मुलगी आईचा हात हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "मी येतेय, हे तिला माहीत होतं ना?"

"हो," तो म्हणाला. "वेळही सांगितली होती."