रुखवतातला जपानी झगा

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला माझं रुखवत आठवतं. कोपरीतल्या आमच्या दारात मांडव पडला होता आणि आईने लाडू-चिवड्याच्या ताटांशेजारी ट्रंकेतून काढलेला लाल रेशमी जपानी झगा पसरला होता. जपान हरल्यावर तिथे पहाऱ्याला गेलेल्या फौजेत माझा मोठा भाऊ होता. झगा त्यानेच आणलेला. “आई, हा मांडू नकोस,” तो सकाळपासून सांगत होता. “अरे, मिरवू दे की मला जरा,” म्हणत तिने झग्यावरचे सोनेरी बगळे नीट दिसतील असे वर घेतले. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी कापड चिमटीत धरून विचारलं, “केवढ्याला पडला हो?” भाऊ म्हणाला, “एका डबाभर साखरेला. बाईची पोरं उपाशी होती. मोठीच्या लग्नासाठी ठेवला होता तिने.” सासूबाई हसल्या. “म्हणजे फुकटातच की! जिंकलेल्यांची मजा आहे बाई!” सगळा मांडव हसला, आईसुद्धा. भाऊ चपला घालून स्टेशनच्या बाजूला निघून गेला. कानपिळीला त्याला खूप हाका मारल्या. शेवटी नवऱ्या मुलाचा कान मामेभावाने पिळला. झगा माझ्याबरोबर कल्याणला आला. सासूबाई आल्यागेल्याला तो दाखवायच्या आणि “सुनेच्या भावाने जपानातून लुटून आणला” असं कौतुकाने सांगायच्या. भाऊबीजेला भाऊ ओवाळून घ्यायचा आणि न जेवता निघायचा. एकदा मी त्याला दारात गाठून म्हटलं, “दादा, तू लुटला नव्हतास, हे सांगते मी त्यांना.” तो म्हणाला, “राहू दे गं. त्या बरोबरच बोलतात.”