वरच्या हवेचा आवाज

आश्रुबानं आणि मी पिंगळी स्टेशनाजवळच्या रुळांवर तीस वर्षं काम केलं. तो कीमन होता. रोज सहा किलोमीटर चालायचा आणि हातोडीनं रूळ वाजवून बघायचा. खणखणीत आवाज आला तर रूळ चांगला, बद्द आला तर कुठंतरी तडा.

त्याच्या बायकोचं, कडूबाईचं, पोट दुखायला लागलं तेव्हाही त्यानं बोटांनी ठोकून पाहिलं. पोट ढोलासारखं वाजलं. "गॅस हाय," म्हणाला. चार महिने तो रोज पोट ठोकायचा आणि ओवा द्यायचा.

ती वाळत गेली, तेव्हा आम्ही तिला परभणीला सोनोग्राफीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोटाला जेल लावलं.

"हे कशाला, मॅडम?" आश्रुबानं विचारलं.

"हे मशीन पोटात आवाज सोडतं. मशीन आणि कातडीच्या मधे हवा राहिली तर तो तिथूनच माघारी फिरतो, काका. आत गेला, तर गाठीवर आपटून थोडा परत येतो. किती वेळानं आला, त्यावरून गाठ किती खोल ते कळतं. हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, मशीनला येतो."

लिव्हरभर गाठी होत्या. ऑपरेशनची वेळ गेली, असं बाईंनी आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं.

"म्हंजे मी चार महिने आतड्यातल्या हवेलाच ठोकत होतो," आश्रुबा म्हणाला. "ती वाजणारच की."

आम्ही आत गेलो तेव्हा कडूबाई पदरानं जेल पुसत होती. "गॅसच निघाला ना? उगं आणलं मला इथवर."

"गॅसच हाय," आश्रुबा म्हणाला, आणि तिच्या चपला तिच्या पायाशी सरकवल्या.