तांदूळ संपला की या!

मंडळी, आज माझी पार फजिती झाली. अजून काय कळंना.

दुपारी शाळेतली पाच पोरं दारात उभी. हातात तांदळाची पिशवी. "आजी, हे तुमाला. आमी गरजूंना मदत करतोय."

त्यांच्या मागंच ओटीवर माझ्या भाताची पोती थप्पीला लागलेली! मी बोलले, "अरं, हा तांदूळ माझ्याच शेतातला निघाला तर?"

पोरं फिदीफिदी हसली. त्यांच्यातली शेजारची तन्वी तेवढी हसली नाय. "आजी, तुमचं नाव मीच दिलं. बाई बोलल्या, ज्यांच्याकडं कोण येत नाय, त्यांच्याकडं जा."

मालक गेले, पोरगा रसायनीला कंपनीत. ते खरं हाय. पण सगळ्या दहिवली गावाची चेष्टा करणारी मी, आज मलाच पोरांनी गरजू ठरवलं गं!

गुपचूप पिशवी घेतली. पोरांना चिंचा दिल्या, गोष्टी सांगितल्या. तासभर कोण हललं नाय.

जाताना तन्वी बोलली, "आजी, परत कधी येऊ?"

मी बोलले, "तांदूळ संपला की या."

आता पोती तशीच ठेवून पोरांचाच तांदूळ शिजत घातलाय, चांगला दोन माणसांचा. लवकर संपाया नको?

तुमीच सांगा, मी गरजू हाय का नाय?