सशाचं रॅक

दुकानात दोन गोष्टी न मागवता येतात, धूळ आणि किस्से. धूळ मी रोज झटकते. किस्से साठत गेले, ते आज तुमच्यापुढे झटकतेय!

बंगळुरूला केमिस्ट्री शिकून मी चाळीसगावला परत आले आणि थेट नानांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या, जनरल स्टोअर्समध्ये उभी राहिले. काउंटरसमोरचं रॅक मागितलं. त्यावर फक्त सशांसारख्या प्राण्यांवर चाचणी न केलेला माल ठेवायचा. साबण, शाम्पू, काजळ, फरशीचं लिक्विड. पण त्याच रॅकवर एका मोठ्या कंपनीच्या सेल्समनचा डोळा होता. नाना म्हणाले, "आखाजीपर्यंत ठेव. खपलं तर रॅक तुझं, नाही तर त्याचं." आखाजी म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय्य तृतीया.

मित्रमंडळी हसली. "इथे कोणाला पडलंय सशाचं?"

मला पडलंय! एवढं पुरे नाही का?

*

पहिल्याच दिवशी ठळक पाटी लावली: 'या वस्तूंची चाचणी प्राण्यांवर केलेली नाही.'

एका मावशींनी साबण उचलला, पाटी वाचली आणि साबण पटकन खाली ठेवला. "मंग कोनवर करेल शे? आमनावर?"

मी प्रयोगशाळा, पेशी, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सोबतच्या बाईला म्हणाल्या, "पोरगी चांगली शे. पन साबन पहिले तू लाव!"

*

एक आबा पोळ्याला बैल आणि एरवी म्हैस शाम्पूने धुतात. नेहमीचं गिऱ्हाईक. मी मोठ्या उत्साहाने माझी बाटली पुढे केली. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

"प्राणीसवर तपासेल नही म्हनस. मंग मनी म्हैसले कसं लावू?"

मी माझीच पाटी पुन्हा वाचली. गल्ल्यावरून नाना ओरडले, "आबाला कंपनीचा दे! तो तपासलेला आहे!"

*

सेल्समन दर आठवड्याला येऊन रॅकची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजायचा. एकदा म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे कायद्याने बंद आहे ते प्राण्यांवर तपासणं."

"कॉस्मेटिक्सचं बंद आहे. तुमच्या फरशीच्या लिक्विडचं काय? लिहून द्या."

"देतो की! त्यात काय?" त्याने खिशातून पेन काढलं. "बोला, काय लिहू?"

*

माझी मैत्रीण सुजाता धुळ्यात नवरीचा मेकअप करते. तिने माझाच माल घ्यायचा ठरवला, तो हट्टाने. सोनगीरच्या एका लग्नात नवरीच्या सासूबाईंनी परदेशातून आलेली मेकअपची पेटी पुढे केली. सुजाताने तपासून सांगितलं, "मावशी, ही मी लावणार नाही. ही कंपनी आधी सशाच्या डोळ्यात घालून बघते."

"मग बरंच की! सुनेच्या आधी कोणीतरी तपासलं!"

"मग मेकअप तुम्हीच करा," म्हणत सुजाता ब्रश गुंडाळायला लागली. बाहेर वरात दाराशी आलेली. तेवढ्यात नवरीच बोलली, "ताई, मला तुमचंच लावा. ती पेटी सासूबाईंना लावा!"

*

आखाजीचा आदला दिवस. माहेरी आलेल्या लेकींनी बाजार फुललेला आणि माझं रॅक मात्र निम्मं भरलेलं. मी हरले होते. सेल्समन खोकी घेऊन हजर झाला.

नाना गल्ल्यावर काळा चष्मा लावून बसले होते. आठवड्यापूर्वीच धुळ्याला एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. घरात अक्का, म्हणजे माझी काकू, त्यांच्यावर पहारा ठेवायची.

सेल्समन रंगात आला होता, मला सांगितलेला कायदा विसरून. "नाना, आमचा माल म्हणजे गॅरंटी! सशाच्या डोळ्यात टाकून बघतात, तेव्हाच बाजारात येतो."

नानांनी मला विचारलं, "झोंबल्यावर डोळा चोळू देतात का त्याला?"

"नाही, नाना. मान अडकवून ठेवतात."

नानांचा हात चष्म्याकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला. मग सेल्समनला म्हणाले, "उचल खोकी."

"अहो, पण नाना, हिचा माल खपलाय कुठे? निम्मा तसाच पडलाय, बघा ना!"

नानांनी चष्मा काढला.

"दिसतंय मला. एकाच डोळ्याने दिसतंय, पण दिसतंय. उचल!"